अक्काचा खुराक

मी आयुष्यभर गुरांचा डॉक्टर होतो. सरकारी हुद्दा याहून लांबलचक होता. खेड्यापाड्यांत तो कोणी वापरला नाही. चोपड्यापासून शिरपूरपर्यंत सातपुड्याच्या पायथ्याची गावे मी मोटारसायकलवर हिंडलो आणि शेतकऱ्यांना मुख्यतः एकच गोष्ट सांगत राहिलो: पोट भरणे आणि शरीर पोसणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. नुसत्या कडब्यावर ठेवलेली गाय दिवसभर रवंथ करते, तिचे पोट नगाऱ्यासारखे दिसते आणि तरीही तिच्या पाठीचा कणा उघडा पडतो. कडब्यातून तिला उभे राहण्यापुरती ऊर्जा मिळते. अंगावर मांस धरायला प्रथिने लागतात, ती पेंडीतून येतात. हाडांना चुना लागतो, रक्ताला लोह लागते, हिरव्या चाऱ्यातून जीवनसत्त्वे यावी लागतात. आणि या सर्वांना जागेवर पोहोचवायला पाणी. शेतकरी मान हलवत. निम्मे ऐकत, निम्मे ऐकत नसत.

निवृत्तीनंतर हे ज्ञान पुन्हा वापरावे लागेल असे वाटले नव्हते. ते माझ्या थोरल्या बहिणीसाठी वापरावे लागले.

अक्का धुळ्याच्या पुढे, पांझरेच्या काठी असलेल्या आपल्या सासरच्या गावी एकटी राहत असे. यजमान गेले, मुलगा नोकरीनिमित्त पुण्याला स्थायिक झाला, तरी तिने गाव सोडले नाही. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. तापात ती स्वयंपाकघरात पडली आणि तिला जमिनीवरून उठता आले नाही. सकाळी दूध घालणारा आला तेव्हा तिचा आवाज त्याच्या कानी पडला. धुळ्याच्या दवाखान्यात तिची छाती बरी झाली. तेथून मी तिला जळगावला माझ्या घरी आणले.

छाती बरी झाली होती, अंग गेले होते. तिच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या कोपरापर्यंत वर सरकत आणि हात खाली केला की निसटू लागत. त्या पडू नयेत म्हणून माझ्या सुनेने प्रत्येकीला आतून पांढरा दोरा गुंडाळून दिला. मी जनावराच्या बरगड्यांवरून हात फिरवून त्याची स्थिती सांगत असे. येथे हात फिरवण्याची गरज नव्हती. दोरा पुरेसा होता.

मुलगा पुण्याहून आला. तो सरळ स्वभावाचा आहे. तो म्हणाला, "मामा, आईला मी पुण्याला नेतो. गावचं घर बंद करतो."

अक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती तशीच म्हणाली, "मनं घर बंद करनारा तू कोन?"

"माय, तू पडलीस तर उचलणार कोण? मी पुण्यात, दूधवाला सकाळी येतो. रात्री काय?"

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. मी तसे सांगितलेही. तेव्हा त्याने एक अट घातली, आणि ती रास्त होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो पुन्हा येणार. तोवर आई जमिनीवरून कोणाच्या आधाराशिवाय उठू लागली, तर तिने खुशाल आपल्या गावी राहावे. नाहीतर पुणे. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात. अक्का माहेरी होतीच. तिला सासरी परत जायचे होते. या वयात तिला हवे असलेले तेवढे एकच होते.

धुळ्याच्या तरुण डॉक्टरांनी निघताना स्वच्छ शब्दांत सांगितले होते की आजारात स्नायू झिजले आहेत, प्रथिने वाढवा, हालचाल वाढवा. त्यांनी एक भुकटीचा डबाही लिहून दिला होता. अक्काने त्याचे झाकण उघडून वास घेतला.

"हाई काय शे? तान्हा पोरेस्ना दूधना डबा माले?"

"औषध समज."

"औषध समजसू, नि उलटी करसू."

डबा फळीवर गेला.

आजारी माणसाने हलके खावे, हा आमच्या भागातला दंडक आहे. हलके म्हणजे पांढरे, मऊ आणि बेचव. चहात बुडवलेला टोस्ट, मऊ भात, डाळीचे वरचे पाणी, साबुदाणा. भेटायला येणारा प्रत्येक जण बिस्किटांचा पुडा आणी. दिवाणाखाली पुड्यांची थप्पी लागली होती. केळी घरात होती, कारण आमच्या जिल्ह्यात केळी नसणे अवघड आहे. पण ती थंड, आणि छातीचे दुखणे झालेल्याने थंड खाऊ नये. उडीद जड. भाकरी जड. त्यात अक्काचे उपवास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी. उपवासाला साबुदाणा. म्हणजे उपवास असला तरी पिष्ट आणि नसला तरी पिष्ट. माझ्या भाषेत सांगायचे तर ती कडब्यावर होती. ताटली रिकामी होई, सर्वांना समाधान वाटे, आणि पाटलीवर सून आणखी एक वेढा घाली.

मी काही दिवस पाहिले. मग एका सकाळी तिच्या दिवाणाजवळ खुर्ची ओढून बसलो.

"अक्का, तुझी म्हैस व्याल्यावर तू तिला काय घालायचीस?"

तिची म्हैस गावात प्रसिद्ध होती. अक्का उशीला टेकून थोडी वर सरकली.

"का बरं? तू ढोरेस्ना डॉक्टर, तुले माहीत नही?"

"तुझ्या तोंडून ऐकायचे आहे."

"बाजरीनी घुगरी. गूळ. मेथ्या. मंग सरकी, ढेप, हिरवा चारा. गव्हाणमा मीठना खडा. पानी कोमट, पोटभर."

"आणि नुसता कडबा टाकला असता तर?"

"नुसता कडबा?" ती संतापली. "मी काय येडी शे?"

"तू दवाखान्यातून आल्यापासून कडब्यावर आहेस. साबुदाणा कडबा, टोस्ट कडबा, मऊ भात कडबा."

स्वयंपाकघरात सुनेचे लाटणे थांबले.

"म्हंजे मी म्हैस."

"म्हशीचे बरे असते. तिला चतुर्थी नसते."

सून आत हसली. अक्का हसली नाही. ती म्हणाली, "उपास मी सोडनार नही. सांगी ठेवस."

"सोडू नकोस. उपवासाला काय चालते एवढे सांग."

तिने सांगितले. त्यात राजगिरा होता, भगर होती, शेंगदाणे, दूध, दही, रताळे, केळी होती. साबुदाण्याची सक्ती कोणत्याही देवाने केलेली नव्हती. ती केवळ सवय होती. त्या दिवसापासून उपवासाला राजगिऱ्याची भाकरी आणि दाण्याची आमटी आली. दही आले. देवाची तक्रार आली नाही.

उरलेल्या दिवसांसाठी मी गिरणीतून कळणा दळून आणला. ज्वारीत सालासकट उडीद आणि मीठ घालून दळलेले हे पीठ. आमच्या लहानपणी शेतावर जाणाऱ्याच्या फडक्यात याचीच भाकरी असे. ज्वारीच्या प्रथिनात जे उणे असते ते उडदात असते आणि उडदाला जे कमी पडते ते ज्वारी देते. दोन्ही एका घासात आली की शरीराला स्नायू बांधायला पुरे सामान मिळते. ज्याने प्रथम ही दोन धान्ये एकत्र दळली त्याला हे माहीत असण्याचे कारण नाही. त्याला एवढेच कळले असेल की ही भाकरी खाल्ली की दुपारनंतरही हात चालतो.

"आजारी मानूसले कोनी कळना देस का?" अक्काने ताट दूर सारले.

"तू आजारी नाहीस. आजार धुळ्यालाच राहिला. तू अशक्त आहेस."

"मना दात खोटा शेतस."

ही अडचण खरी होती. मी भाकरी उडदाच्या डाळीत कुस्करली, वर कच्चे शेंगदाण्याचे तेल घातले. ती माझ्याकडे न पाहता खाऊ लागली. अर्धी भाकरी खाल्ली. हात धुताना म्हणाली, "मीठ कमी व्हतं."

तक्रार ही भुकेची पहिली खूण आहे. जनावरही आधी गव्हाणीला शिंग मारते.

पुढचे दिवस मोठ्या गोष्टींचे नव्हते. मेथी, पालक, शेवग्याचा पाला, जे मिळेल ते हिरवे रोज एकदा. त्यावर लिंबू, कारण पाल्यातले लोह आंबट रसाशिवाय अंगी फारसे लागत नाही. जेवणाला लागून चहा बंद, कारण चहा तेच लोह अडवून धरतो. या चहावरून जितके भांडण झाले तितके कशावरूनही झाले नाही. "पोटना धंदा तू चालाडी राह्यना, आते चहाबी तुनाच हुकूमवर?" असे तिने शेजारणींसमोर विचारले. चहा तासाभराने मिळे. सकाळी ओट्यावर कोवळ्या उन्हात तिची खुर्ची टाकली जाई. दुपारी एक केळे. पहिल्या केळ्यानंतर तिने संध्याकाळपर्यंत खोकल्याची वाट पाहिली. खोकला आला नाही याचा तिला रागच आला असावा.

पाण्याचे कोडे मात्र सुनेने सोडवले. अक्का पाणी पीत नसे. तहान लागत नाही म्हणे. ओठ सुकलेले, डोके जड. सून मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, आत्यांना तहान लागते. पण पाणी प्यायलं की मोरीपर्यंत जावं लागतं. उठायला त्रास होतो, म्हणून पीत नाहीत." मी त्याच दिवशी दिवाण मोरीच्या दाराजवळ हलवला आणि भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली. तांब्या रिकामा होऊ लागला. अन्नघटक मोजताना पाणी नेहमी शेवटी सांगतात. मीही शेतकऱ्यांना शेवटी सांगत असे. आता असे वाटते की ते आधी सांगावे.

खुराकाबरोबर काम हवे. उभ्या बांधलेल्या बैलाला कितीही पेंड घाला, तो नांगराला येत नाही. माझ्या घरात जेवणाचे जुने शिसवी पाट आहेत. मी तीन पाट एकावर एक रचले. अक्काने त्यावर बसायचे आणि उठायचे. हे जमले की एक पाट काढायचा. शिमग्यापर्यंत दोन पाटांवरून ती उठू लागली. मग एकावरून. सून टाळ्या वाजवी. अक्का तिला म्हणे, "टाळ्या कसाले पिटस? मी काय तमाशामा नाची राह्यनू?" पण पुढच्या वेळी सून पाहते आहे ना, हे ती पाहून घेई.

चैत्रात जळगाव तापले. शेवटचा पाट काढला त्या दिवशी अक्का जमिनीवर बसली आणि उठू शकली नाही. पुन्हा प्रयत्न केला; गुडघा अर्ध्यावर आला आणि ती मागे बसली. तिसऱ्यांदा तिने प्रयत्नच केला नाही. भिंतीला टेकून तशीच बसून राहिली. त्या संध्याकाळी मुलाचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती म्हणाली, "लई जाय माले पुन्याले. तुना मामानी पेंड वाया गयी."

फोन बंद झाल्यावर मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. मला तिला दाखवायचे होते की आधी पाय कसा दुमडावा, भार कोठे टाकावा. मी पाय दुमडला, भार टाकला आणि उठलो नाही. पुन्हा जोर केला. गुडघ्यात कळ आली, हात आपोआप जमिनीवर टेकला, आणि तरीही मी दिवाणाचा पाय धरला तेव्हाच उभा राहिलो. खुर्ची, दिवाण, मोटारसायकल आणि मेज यांवर इतकी वर्षे काढल्यानंतर मी जमिनीवर शेवटचा कधी बसलो होतो ते मला आठवेना.

अक्का माझ्याकडे पाहत होती. मग ती हसली. आजारानंतर तिला हसताना मी प्रथमच पाहिले. तिचे खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होते.

"अरे भाऊ!" ती म्हणाली. "डॉक्टरच आडा पडना. आते तुले कोन उठाडी? तुलेबी पुन्याले लई जाऊ का?"

सून धावत आली. अक्काने तिला सारे हातवारे करून सांगितले. दोघी हसत होत्या. मी तेथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने स्वतः पाट मागितले. एक थप्पी नाही, दोन. एक तिची, एक माझी. "चाल," ती म्हणाली, "माले जेवढा खुराक, तेवढा तुले. माले जेवढा पाट, तेवढा तुले." तेव्हा माझ्या लक्षात आले की खुराकावर भाषणे देणाऱ्या मनुष्याचा स्वतःचा आहार सकाळी खारी-चहा, दुपारी पोळी आणि रात्री पुन्हा चहा-पोळी असा होता. मी कळणा खाऊ लागलो. ताक पिऊ लागलो. खारी बंद झाली. आम्ही दोघे समोरासमोर पाटांवर बसत असू आणि उठत असू. तिच्या आधी उठावे अशी मला ईर्षा नव्हती. माझ्या आधी आपण उठायचेच असे तिने मात्र ठरवले होते. ती तांब्यातले पाणी मोजून घेई आणि मला कमी मिळाले तर सुनेला ओरडे. मूग भिजवून मोड आणणे तिने स्वतःकडे घेतले. माझ्या ताटात ती जास्त वाढे. मी का म्हणून विचारले तेव्हा म्हणाली, "हारनाराले जास्ती देवो लागस."

आखाजीच्या आदल्या आठवड्यात ती जमिनीवरून उठली. हात टेकून, पण उठली. मी दिवाण धरून उठत होतो.

आखाजीच्या दिवशी सकाळी मागील अंगणात चूल पेटली. खापर चढले. खापर म्हणजे चुलीवर पालथा घातलेला मातीचा मोठा घडा. त्यावर मांडे भाजतात. मांडा म्हणजे आमची पुरणपोळी, पण पोळपाटावर लाटलेली नव्हे. पुरण भरलेला मऊ उंडा दोन्ही हातांवर झेलत, मनगटावरून कोपरापर्यंत खेळवत ताणायचा. तो पातळ होत परातीएवढा होतो, आणि मग एका झोक्यात खापरावर टाकायचा. हे काम दंडाचे आहे. घरात ते अक्कालाच येत असे. सून शिकण्याच्या वाटेवर होती.

अक्का चुलीसमोर मांडी घालून बसली. पहिला उंडा हातात घेतला आणि थांबली. पाटलीवरचा दोरा पिठात भरत होता.

"कापी टाक," ती सुनेला म्हणाली.

सुनेने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. दोरे कापले गेले. पाटल्या मनगटापासून वर जराशा सरकल्या आणि तेथेच अडकल्या. अक्काने हात उचलला. उंडा तिच्या हातांवर फिरू लागला, एका हातावरून दुसऱ्यावर, पातळ आणि रुंद होत, त्यातून उजेड दिसू लागला, आणि तो फाटला नाही. खापरावर पडला. वास उठला.

मुलगा दुपारी आला. आंब्यांची पेटी उतरवत, पंख्याची वायर कोठे लावायची ते पाहत तो अंगणातून ये-जा करीत होता. अक्का मांडे टाकीत होती. तूप आत राहिले होते. ती उठली, आत गेली, तुपाची वाटी घेऊन आली, बसली. पुरण संपत आले. ती उठली, पातेले घेऊन आली, बसली. शेजारीण डोकावली, तिला मांडा द्यायला उठली, बसली. तिचे हात पिठाने आणि तुपाने भरलेले होते; ते टेकायची सोय नव्हती, आणि ती टेकत नव्हती. मी ओट्यावरून हे पाहत होतो.

जेवणे झाल्यावर मुलगा घसा साफ करून म्हणाला, "मामा, मग... माय उठते का, ते बघायचं ना?"

"सकाळपासून ती उठतेच आहे," मी म्हणालो. "तू आंबे उतरवीत होतास."

तो आईकडे पाहू लागला. तिला हे पुरे नव्हते. ती अंगणाच्या मध्यभागी जाऊन मांडी घालून बसली, दोन्ही हात छातीशी बांधले आणि उठली. सावकाश, पण कोठेही न थांबता. मग त्याच जागेकडे बोट दाखवून मुलाला म्हणाली, "आते तू."

"मी?"

"तूच. बस."

तो हसत बसला. दोन्ही हात छातीशी बांधून त्याने जोर केला. पुन्हा केला. त्याचे पोट आड आले. शेवटी त्याने हात जमिनीवर टेकला तेव्हा निंबाच्या झोक्यावर बसलेल्या आळीतल्या मुली खिदळल्या.

"अरे देवा," अक्का म्हणाली. "याले कोन संभाळी पुन्याले? याले मीच गावले लई जास. दोन महिना कळना खाई, सुधरी जाई."

तो हसत हसत तसाच जमिनीवर बसून राहिला. मग त्याने मला विचारले, "मामा, हे पीठ पुण्यात मिळेल का?"

"दळून घ्यावे लागेल," मी म्हणालो.

दोन दिवसांनी त्याने आईला गाडीने गावी सोडले. फळीवरचा भुकटीचा डबा तिने रिकामा करून घेतला होता आणि त्यात कळणा भरला होता. झाकण घट्ट बसते, म्हणाली. कापलेले दोरे सुनेने केरात टाकले असते. मी ते खिडकीच्या गजाला बांधून ठेवले आहेत. कारण विचारले तर सांगता येणार नाही.

आता ती रोज सकाळी गावाहून फोन करते. तब्येत विचारत नाही. ऊन विचारत नाही.

"भाऊ, उठना का?"

झोपेतून उठलो का, असे तिला विचारायचे नसते, हे मला माहीत असते. मी फोन मेजावर ठेवतो, जमिनीवर बसतो, हात छातीशी बांधतो. ती पलीकडे वाट पाहते. कालपर्यंत मी तिला "अजून नाही" असे सांगत होतो.

आज सांगितले, "उठलो."